गुडघे टेकण्याविषयी

ग्रानादा,
१८ नोव्हेंबर १९८४

प्रिय बाबा,

पार्सल पोचलं. आईने विणलेले लोकरी मोजे घालूनच हे पत्र लिहिते आहे. ग्रानादा दक्षिणेत आहे म्हणून इथे उकडत असेल असं तिला वाटतं. पण समोर बर्फाचा डोंगर आहे, आणि आमच्या टेकडीवरच्या जुन्या घरांत थंडी कुठून शिरते ते अजून कुणाला सापडलेलं नाही. टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, पायांवर रजई ओढायची आणि मुलांचे पेपर तपासायचे, हा माझा रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम.

घेवडा आणि चीज ठेवून घेतलं. सॉसेज मात्र सगळी शाळेतल्या रसायनाच्या बाईंना देऊन टाकली. आईला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा, पुढच्या खेपेला डुकराचं काही घालू नको म्हणावं. कारण आहे. पत्रात लिहिण्यासारखंही आहे, पण आज नको.

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, वस्तू एकमेकींना ओढतात हे कळलं, पण का ओढतात?" मी म्हटलं, किती ओढतात ते सांगता येतं, का ते नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही!" वर्ग हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते हसू टिकलं नाही.

नाताळचं अजून नक्की नाही.

तुमची,
कोवा


मिएरेस,
२७ नोव्हेंबर १९८४

प्रिय कोवा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि घरात दोन निदानं झाली. तुझ्या आईचं निदान पित्ताशय. तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं म्हणे, आधी सॉसेज सुटलं आणि मग मावशी. माझं निदान जर्मन. शाकाहारी, दाढीवाला, गिटार वाजवणारा. ह्यातलं जे असेल ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे काळजी करता येईल. पित्ताशय असेल तर आई येईल. जर्मन असेल तर मी येईन.

"फोन करून विचारा की," असं ती मला सकाळपासून म्हणते आहे. तुला माहीत आहे, त्या यंत्रावर मी बोलत नाही. विचार करायला वेळच मिळत नाही त्यात. मी पत्रातला माणूस.

"कारण आहे, पण आज नको." असल्या उत्तराला मी वर्गात जन्मभर शून्य दिलं. कितीही चुकलेली असो, पायरी लिहून दाखवायची हा आपला नियम होता.

इकडे पाऊस. नदी कोळशाने काळी. गुत्त्यात सगळे विचारतात, मास्तर, पोरगी कुठे असते? मी सांगतो, ग्रानादाला. मग कुणीतरी म्हणतोच, कोवादोंगा नावाची पोरगी ग्रानादाला! बाराशे वर्षांपूर्वी ज्या डोंगरात मुसलमान फौज अडवली म्हणतात, त्या डोंगराचं नाव घेऊन तू त्यांच्या शेवटच्या राजधानीत जाऊन बसलीस, ह्यावर लोक दारू सांडेपर्यंत हसतात. नाव तुझ्या आईने ठेवलेलं. मला लिबेर्ताद ठेवायचं होतं, स्वातंत्र्य. पण त्या काळी तसलं नाव नोंदवूनच घेत नसत.

नाताळला ये. तुझ्या आईसाठी म्हणतो आहे, असं समज.

बाबा


ग्रानादा,
९ डिसेंबर १९८४

प्रिय बाबा,

पित्ताशय ठणठणीत आहे. जर्मन नाही. दुसऱ्या निदानाच्या जवळपास सुद्धा कुणी नाही.

पायरी लिहून दाखवते. सप्टेंबरात मी मुसलमान झाले.

हे वाक्य लिहून मी उठले, खिडकीशी गेले, परत आले. वाक्य तसंच आहे. आता पुढे लिहायला हवं.

खालच्या मजल्यावर डॉक्टर नदीम सब्बाग राहतात. मुलांचे डॉक्टर. विद्यार्थी म्हणून अरब मुलखातल्या होम्सहून इथे आले, इथलेच झाले. बायको वारलेली. गेली तीन वर्षं मी त्यांच्याशी भांडते आहे. मी देव मानत नाही हे कळल्यावर त्यांनी विचारलं होतं, "कुठला देव मानत नाही? वर्णन सांगा. बहुतेक मीही तो मानत नसेन." त्यावरून जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

बाबा, मी आठ वर्षांची होते. धर्मशिक्षणाच्या तासाला मी पाद्रीबाबांना विचारलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे तीन असून एक कसे? एक अधिक एक अधिक एक तीनच होतात ना? त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं. घरी आल्यावर तुम्ही मला खांद्यावर बसवून थेट गुत्त्यात नेलंत, सगळ्यांना सांगितलंत, "माझ्या पोरीने आज चर्चला बेरीज शिकवली." आयुष्यात मला एवढा अभिमान परत कधी वाटला नाही. आणि पंचवीस वर्षांनी मला असे लोक भेटले जे म्हणतात, तुझी बेरीज बरोबर होती. एक म्हणजे एक. मध्ये पाद्री नाही, जन्माबरोबर आलेलं पाप नाही, कुणाचा दाखला नाही.

सिद्धता मात्र मला मिळालेली नाही. खोटं कशाला सांगू? पण तुम्हीच शिकवलंत, भूमितीची सुरुवात सिद्ध न केलेल्या काही वाक्यांपासून होते. ती गृहीत धरायची, त्यांवर बांधत जायचं, आणि बांधलेलं उभं राहतं की आपल्याच वजनाने पडतं ते बघायचं. मी तेच करते आहे.

नाताळला येत नाही. मला यायचं आहे, खूप यायचं आहे. पण त्या टेबलाशी बसून हे तोंडाने सांगायचं धैर्य नाही. आईला तुम्ही सांगाल?

कोवा


मिएरेस,
१४ जानेवारी १९८५

कोवा,

नाताळ झाला. तुझ्या आईने तुझं ताट मांडलं होतं, मी उचललं, तिने परत मांडलं.

आधी गृहीतकाबद्दल. माझंच हत्यार माझ्यावर चालवलंस, ठीक आहे, मास्तरांच्या मुली तसं करतात. रेषेबाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा जाते हे मी सिद्ध न करता मानतो. मान्य. पण ती रेषा मला सॉसेज सोड म्हणत नाही. दिवसातून पाच वेळा मी तिच्यापुढे कपाळ टेकत नाही. आणि उद्या गरज पडली तर तिला सोडून मी दुसरी भूमिती मांडतो, कुणाची छाती फाटत नाही. तू तुझं गृहीतक सोडशील? उत्तर 'नाही' असेल तर त्याला गृहीतक म्हणू नकोस. माझ्या विषयातले शब्द तरी मला राहू दे.

आता दुसरं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मुलांना सांगण्यासारखं नव्हतं.

तुझ्या आजोबांना यादवी युद्धात खाणीच्या रस्त्यावर गोळी घातली, एवढं तुला माहीत आहे. मग ज्यांनी मारलं त्यांच्याच जनरलचं राज्य आलं आणि मला शाळेतून काढलं. परत घ्यायचं तर गावच्या पाद्रीचा दाखला हवा, की हा माणूस दर रविवारी येतो, गुडघे टेकतो, जपमाळ म्हणतो. मी गेलो. पहिल्या रांगेत बसायचं, तशी अट होती. फरशी दगडी. मी सगळ्या प्रार्थना पाठ केल्या, कारण ओठ नुसते हलवले तर त्याला कळायचं. आठवड्यामागून आठवडे, वर्षांमागून वर्षं. दाखला मिळाला तरी सुटका नव्हती, तो काढूनही घेता येत होता. माझ्या बापाला मारलं त्या लोकांच्या मधोमध मी गुडघ्यावर बसायचो आणि मनात वर्गमुळं काढायचो, वेडं होऊ नये म्हणून.

तू जन्मलीस तेव्हा मी ठरवलं, ही कुणापुढे वाकणार नाही. एवढंच ठरवलं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि तू वाकलीस. कुणी बंदूक न दाखवता.

एलादिओ

कोवा, मी आई. हे पत्र टाकायला जाताना मी उघडलं आहे, यांना सांगू नको. यांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. मी जेवले, कारण कुणीतरी जेवायला हवं. मला यातलं काही कळत नाही. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि आपल्या कोवादोंगाच्या मारियेला विचारलं, तर मनात आलं, बापाने देव नको म्हणून वाढवली आणि पोरीला देवच सापडला. घर तेच, दार शेजारचं उघडलंस. मला जरा हसूच आलं. डोक्याला रुमाल बांधत असशील तर थंडीत बरंच आहे. जेवतेस ना नीट?


ग्रानादा,
१७ फेब्रुवारी १९८५

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते वर्गमुळांचं वाक्य आलं की दर वेळी पुढचं दिसेनासं होतं.

तुम्ही विचारलंत, सोडशील का? खरं उत्तर असं की सोडलं होतं. जानेवारीत, तुमचं पत्र यायच्या आधीच.

आमची नमाजाची जागा म्हणजे एका इमारतीतला पहिला मजला, दोन खोल्यांमधली भिंत पाडलेली. तिथे एक गृहस्थ आले, सूट, टाय, हातात पुस्तिकांचा गठ्ठा. म्हणाले, आजच्या विज्ञानाने जे जे शोधलं ते सगळं आपल्या पवित्र ग्रंथात आधीच लिहिलेलं आहे. प्रकाशाचा वेगसुद्धा. त्यांनी आकडेमोड करून दाखवली. बाबा, ती आकडेमोड तुमच्या नववीच्या पोराने केली असती तर तुम्ही वही खिडकीतून फेकली असती. मी हात वर करून चूक दाखवली. ते म्हणाले, "ताई, तुमचा विश्वास अजून कोवळा आहे." आजूबाजूच्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी सांडलं होतं.

मी घरी आले, रुमाल खुंटीला टांगला आणि परत गेले नाही. मला वाटलं, हे तर तेच पाद्री, फक्त टाय लावलेले.

डॉक्टर नदीम समजवायला आले नाहीत. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मीच त्यांच्यावर उखडले. ते म्हणाले, "मी रोज मुलांची छाती तपासतो. ग्रंथात फुप्फुसाबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलेलं असायला मला नकोच आहे. सगळं तिथेच लिहून द्यायचं असतं तर मला डोकं कशाला दिलं असतं? तुम्ही त्या माणसाची चूक दाखवलीत ना, ते तुमचं त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं काम होतं." आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेले.

तरी मी गेले नाही. आणि मग उणीव भासायला लागली. पहाटे उठून थंड पाण्याने हात धुवायचे नव्हते, तर पहाटेला काही आकारच उरला नाही. तुम्ही म्हणाल, उणीव हा पुरावा नव्हे. तहान लागते म्हणून पाणी असतंच असं नाही. बरोबर आहे. पण तहानलेल्या माणसाने पाणी शोधत चालणं हे बुद्धीला सोडून आहे का? मी परत गेले ती अशी. बुद्धी घरी ठेवून नाही. ती बरोबर आली आणि वाटभर कटकट करत आली.

गुडघ्यांविषयी मला काय लिहावं कळत नाही. एवढंच सांगते. मी टेकते तेव्हा समोर माणूस नसतो. नुसती भिंत असते, पांढरी, थोडे पोपडे निघालेली. कुणी सही करत नाही. मी उठून गेले तर कुणी माझी नोकरी घेत नाही. तुम्ही मला कुणापुढे वाकू नको म्हणालात, मी त्याच ठिकाणी उभी आहे असं मला वाटतं. तुम्हाला तसं दिसत नाही, हेही कळतं.

इथे मी नवखी. मोरोक्कोच्या बायका माझे उच्चार ऐकून रुमालाआड हसतात, शाळेतले लोक मी खोलीत शिरले की विषय बदलतात. संध्याकाळी शेगडीशी बसून मी घरचा वास आठवायचा प्रयत्न करते. ओला कोळसा, सफरचंद, आईच्या चुलीवरची ती मोठी पातेली. येत नाही आठवत. शब्द आठवतात, वास येत नाही.

कोवा


मिएरेस,
२१ एप्रिल १९८५

माझी कोवा,

मी आई. मला लिहायला वेळ लागतो म्हणून थोडंच लिहिते. हे तुला उत्तर देणार नाहीत, पण तुझं पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. कोट धुवायला मागितला तर देत नाहीत.

मला एक विचारायचं आहे. तुमच्यात मारियेला मानतात म्हणे? बाजारात एकीने सांगितलं. खरं असेल तर बरं. मग मला काळजी नाही.

मे महिन्यात ये ना. सफरचंदांना मोहर असतो, तुला आवडायचा. पोटात जरा दुखतं अधूनमधून, वय झालं, दुसरं काय. जूनमध्ये मोहर गळून जातो, म्हणून मेमध्ये ये म्हणते.

आई


ग्रानादा,
२ मे १९८५

माझ्या आई,

हो, मारियेला मानतात. ग्रंथात तिच्या नावाचं एक आख्खं प्रकरण आहे, आणि त्यात ती एकटी, खजुराच्या झाडाखाली, कळा सोसते. मी आले की तुला वाचून दाखवीन.

मेमध्ये कसं जमवू? मुलांच्या परीक्षा आहेत, आणि वीस तारखेच्या सुमारास रमजान सुरू होतो. माझा पहिलाच पुरा महिना. जूनअखेर शाळा संपली की दुसऱ्या दिवशी निघते, आणि सगळा उन्हाळा तिथेच राहते. मोहर पुढच्या वर्षी बघू. पोटासाठी पुदिन्याचा काढा घे आणि जड खाऊ नको.

बाबांना सांग, कोट धुवायला द्या म्हणावं.

कोवा


तार
मिएरेस, ३ जून १९८५

आई आजारी. आजच नीघ. बाबा.


ग्रानादा,
२२ सप्टेंबर १९८५

प्रिय बाबा,

तीन महिने मी रोज हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आज फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

त्या दिवसांबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. मी आले, आई इतकीशी झाली होती. "मोहर गेला बघ," असं म्हणाली, आणि मला कळलं की मेमध्ये ती काय मागत होती. तिने ते मोहराच्या आड ठेवलं आणि मी परीक्षेच्या वेळापत्रकाखाली पुरलं.

तुम्ही घेवडा शिजवलात. डुकराशिवायचा. आयुष्यात पहिल्यांदा चुलीशी उभे राहिलात, आणि तो इतका बेचव होता की आईने चमचाभर चाखून म्हटलं, "ह्याच्यापेक्षा मरण बरं." आपण तिघंही हसलो. तेवढं एकदाच.

मी नमाजासाठी माळ्यावर जायची तेव्हा तुम्ही छत्री घेऊन घराबाहेर पडायचात. वरच्या खिडकीतून मला दिसायचं. पाऊस असो नसो, माझी नमाज होईपर्यंत तुम्ही नदीकाठी उभे असायचात. घरात राहणं तुम्हाला सहन होत नाही, असं मी समजले. अजूनही तसंच समजते.

आणि ती दुपार. आईने जपमाळ हातात घेतली आणि म्हणाली, "कोवा, माझा आवाज पुरत नाही, तू म्हण." मला म्हणता आलं नाही. ते शब्द मला पाठ आहेत, लहानपणी तिनेच शिकवले. पण त्यात मारियेला देवाची आई म्हणायचं असतं. मी ते मानत नाही, आणि मानत नसलेलं तिच्यासमोर, त्या वेळी, कसं उच्चारू? मी म्हटलं, "आई, मी तुझ्याजवळ बसते, तुझा हात धरते." ती "बरं" म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

बोळात तुम्ही मला थांबवलंत. "मी एका दाखल्यासाठी वर्षानुवर्षं ते म्हटलं. तुला आईसाठी एकदा म्हणता येईना?" मी म्हटलं, "तुम्ही म्हटलंत ते खोटं होतं, म्हणूनच मला येत नाही." हे मी तुम्हाला म्हटलं. मग माळ्यावर गेले, नमाजाला उभी राहिले, रडत राहिले. खाली आले तेव्हा आई गेली होती.

चर्चमधल्या विधीच्या वेळी तुम्ही नेहमीसारखे बाहेर थांबलात. मीही आत गेले नाही. तुम्ही भिंतीच्या ह्या टोकाला, मी त्या टोकाला. गावाने काय बघितलं असेल.

परत आल्यावर कित्येक दिवस माझं कपाळ जमिनीला टेकायचं आणि त्यापलीकडे काही नसायचं. डॉक्टर नदीमना विचारलं, मी बरोबर केलं का? ते म्हणाले, "तुम्हाला जे खरं वाटलं ते केलंत. त्याने दुःख कमी होईल असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे." मला वाटतं मी खरेपणाने वागले. मग वाटतं, मी आईपेक्षा माझा खरेपणा सांभाळला. ह्यातलं कुठलं वाक्य बरोबर ते मला ठरवता येत नाही. तुम्ही एवढे गणिती, तुम्हीच सांगा.

ती शेवटी एकटी होती का, बाबा? तुम्ही खोलीत होतात का? एवढं तरी लिहा.

कोवा


मिएरेस,
३ नोव्हेंबर १९८५

प्रिय कोवा,

ती एकटी नव्हती.

तू वर गेल्यावर मी खोलीत गेलो. जपमाळ चादरीवर पडली होती. तुझी आई तिचे मणी चाचपत होती, पण शब्द जुळत नव्हते. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणायला लागलो. सुरुवातीपासून. मला सगळं आठवत होतं, एक अक्षर गळलं नव्हतं. गुडघे टेकले होते. पलंग ठेंगणा आहे, खुर्चीवरून तिच्या कानाशी तोंड पोचत नव्हतं, असं कारण मी नंतर स्वतःला दिलं. पण खुर्ची जवळ ओढता आली असती.

मध्ये एकदा मी घाईत एक प्रार्थना गाळली. तिने डोळे न उघडता म्हटलं, "एलादिओ, लबाडी नको." मी परत मागे गेलो.

मग तिने विचारलं, "पोरगी कुठे आहे?" मी म्हटलं, "वर. प्रार्थना करते आहे. तिची." ती म्हणाली, "मग झालं. दोन्हीकडून पोचेल." आणि पुढे म्हण, अशी बोटाने खूण केली. मी म्हणत राहिलो. कुठल्या मण्यावर ती गेली ते मला कळलं नाही. कळल्यावरही मी थांबलो नाही, माळ पुरी केली.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू खाली आलीस आणि तुझा चेहरा बघून मला बोलता आलं नाही. आणि खरं सांगू, मला लाज वाटली. ज्यांनी मला ते शब्द शिकवले त्यांच्यावर मी जन्मभर मनातून थुंकलो, आणि तेच शब्द घरात, माझ्या तोंडून.

तू मला निकाल विचारतेस. माझ्याकडे तो नाही. मी एवढंच सांगू शकतो. त्या दुपारी मी जे म्हटलं त्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. आणि तरी त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे दोन्ही एकदम खरं कसं, ते मला मांडता येत नाही. गणिताच्या माणसाला हे वाक्य कागदावर लिहायला किती जड जातं ते तुला कळेल. चर्चमध्ये पहिल्या रांगेत मी तेच शब्द म्हणत होतो आणि प्रत्येक शब्द खोटा होता. शब्द बदलले नव्हते. गुडघे तेच, फक्त म्हातारे. तेव्हापासून मी विचार करतो आहे की वाकणं म्हणजे मला एकच गोष्ट वाटत होती आणि बहुतेक त्या दोन आहेत. जी मला माहीत होती ती मी तुझ्यावर लादली. दुसरी मला सत्तराव्या वर्षी कळली, आणि तीही एकदाच.

तू तिच्यासाठी म्हणू शकली नाहीस, कारण तू मानतेस. मी म्हणू शकलो, कारण मी मानत नाही. तिला दोन्हीचा राग नव्हता. मग आपण दोघं कशाला भांडतो आहोत?

छत्रीचं. मी बाहेर जायचो ते सहन होत नाही म्हणून नव्हे. वरून तुझ्या उठण्याबसण्याचा आवाज यायचा, लाकडी जमीन आहे. ते ऐकणं म्हणजे कुणाचं तरी पत्र उघडून वाचण्यासारखं वाटायचं. तुला विचारायला हवं होतं, ऐकू का म्हणून. आपल्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

घर फार मोठं झालं आहे. दोन खोल्या मी बंद करून ठेवल्या. गुत्त्यात आता कुणी तुझ्या नावावरून हसत नाही, मीच विषय काढत नाही.

मी येतो म्हणतो. शाळेला नाताळची सुट्टी लागेल तेव्हा, माद्रिदला गाडी बदलून. सॉसेज मी गुत्त्यात खाऊन निघेन. तुझ्या डॉक्टरांशी मला गृहीतकांवर बोलायचं आहे, त्यांना सांग, तयारी करून ठेवा.

एकच अडचण आहे. तिथले रस्ते मला माहीत नाहीत. तू नमाजाला उभी राहिलीस की छत्री घेऊन कुठे जाऊ? त्यापेक्षा मी खोलीतच बसलो तर चालेल का? खोकणार नाही. मी वाकणार नाही आणि विश्वासही ठेवणार नाही, पण बसेन. असं कुणी बसलेलं तुमच्यात चालतं का, ते डॉक्टरांना विचारून कळव.

तुझा,
बाबा


ग्रानादा,
११ नोव्हेंबर १९८५

प्रिय बाबा,

डॉक्टरांना विचारलं नाही. चालतं.

खोकलात तरी चालेल. कुठल्या गाडीने येता ते लिहा, मी फलाटावर असेन.

तुमची,
कोवा